नाणी आधी, ओळखपत्र नंतर: क्रिप्टो स्वॅपवरची ‘केवायसी नाही’ ही जाहिरात कशी वाचावी

क्रिप्टो नाण्यांची अदलाबदल करून देणाऱ्या बऱ्याच सेवांच्या पहिल्या पानावर तेच ते ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: खातं उघडायला नको, कागदपत्रं नकोत, काम काही मिनिटांत. आणि बहुतेक वेळा तसंच होतं, हे आधीच मान्य करायला हवं. माणूस एक नाणं पाठवतो, थोड्या वेळात दुसरं नाणं त्याच्या वॉलेटमध्ये येतं, नाव-गाव कोणी विचारत नाही.

तक्रारी येतात त्या उरलेल्या व्यवहारांतून. नाणी पाठवून झालेली असतात, पडद्यावर ‘व्यवहार थांबवला आहे’ असं दिसतं आणि पाठोपाठ ईमेल येतो: पासपोर्टचा फोटो, हातात कागद धरून काढलेला सेल्फी आणि ही नाणी तुमच्याकडे कुठून आली याचा पुरावा पाठवा. जाहिरात वाचून आलेल्या माणसाला ही सरळ फसवणूक वाटते. सेवा मात्र अटींमधल्या एका कलमाकडे बोट दाखवते, ज्यात हा अधिकार तिने आधीच राखून ठेवलेला असतो. असं का घडतं हे कळायला पडद्यामागे काय चालतं ते बघावं लागेल. (केवायसी म्हणजे ग्राहक कोण आहे याची ओळखपत्रांवरून खात्री करून घेणं. बँकेत खातं उघडताना होते तीच पडताळणी.)

## नाणी नेमकी कुठून कुठे जातात

समजा तुम्हाला बिटकॉइन देऊन इथर हवं आहे. स्वॅप सेवा तुम्हाला एक पत्ता देते. पत्ता म्हणजे ब्लॉकचेनवरचा, अर्थात सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीतला, खाते क्रमांक. तुम्ही त्यावर बिटकॉइन पाठवता. सेवा ते स्वतःच्या साठ्यातल्या इथरशी बदलते किंवा एखाद्या मोठ्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर, तिचं स्वतःचं खातं असतं तिथे विकून इथर घेते. मग ते इथर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर रवाना होतं. दरातल्या फरकात सेवेची कमाई असते.

यातला मधला टप्पा जाहिरातीत कधी दिसत नाही. बिटकॉइन पाठवल्यापासून इथर मिळेपर्यंत तुमच्या हातात काहीही नसतं, सगळं सेवेच्या ताब्यात असतं. बऱ्याच सेवा स्वतःला ‘नॉन-कस्टोडियल’ म्हणवतात, म्हणजे ग्राहकांची नाणी आम्ही सांभाळत नाही. खातं नाही, शिल्लक नाही, या अर्थाने ते खरंही आहे. पण ती मधली काही मिनिटं नाणी त्यांच्याचकडे असतात आणि ब्लॉकचेनवर पाठवलेलं परत ओढून घेता येत नाही. चेक थांबवता येतो, कार्डावरचा व्यवहार बँकेत जाऊन वादात टाकता येतो. इथे तसली सोय नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अनेक वॉलेटमध्ये आता ‘स्वॅप’ नावाचं बटण असतं. वॉलेट तुमचं, चाव्या तुमच्या, म्हणून अदलाबदलही तिथल्या तिथेच होत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या बटणामागे अनेकदा तिसरीच कंपनी असते, आणि तिच्या अटी तुम्ही बटण दाबलंत तेव्हाच मान्य केलेल्या असतात.

## विचारणा करायला लावतं कोण

फायनान्शियल अॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ, ही १९८९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. मनी लाँडरिंग, अर्थात गुन्ह्यातून आलेला पैसा फिरवून फिरवून स्वच्छ दाखवणं, रोखण्यासाठी देशांनी काय नियम करावेत हे ती सांगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने क्रिप्टोची देवाणघेवाण करून देणाऱ्या व्यवसायांना आपल्या शिफारशींत आणलं. जून २०१९ मध्ये त्याबद्दल सविस्तर मार्गदर्शन काढलं. १००० डॉलर किंवा युरोच्या वरच्या हस्तांतरात पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती एका सेवेने दुसऱ्या सेवेला द्यावी, ही अपेक्षा तिथूनच आली. युरोपीय संघ त्याच्याही पुढे गेला. ३० डिसेंबर २०२४ पासून तिथे दोन क्रिप्टो सेवांमधल्या हस्तांतरासोबत ही माहिती जावीच लागते, रक्कम कितीही लहान असो.

पण स्वॅप सेवांवरचा रोजचा दबाव कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या पुरवठादारांकडून जास्त येतो. ज्या मोठ्या एक्स्चेंजवर त्या नाणी विकतात, त्यांनी जबर किंमत मोजली आहे. बायनान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४.३ अब्ज डॉलर भरण्याचं मान्य केलं. कुकॉइनने जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला, तिथे दंड आणि जप्ती मिळून आकडा ३० कोटी डॉलरच्या जवळ गेला. ज्यांचे हात असे पोळले आहेत, ते दुसऱ्या कुणाच्या खात्यातून आलेली संशयास्पद नाणी गुपचूप ठेवून घेणार नाहीत. ते स्वॅप सेवेला विचारतात, ही कोणाची? आणि सेवेकडे उत्तर नसतं, कारण तिने विचारलेलंच नसतं. मग ती तुमच्याकडे वळते.

## नाण्यावरचा डाग

कोणता व्यवहार अडवायचा हे सहसा माणूस ठरवत नाही. चेनॅलिसिस, एलिप्टिक, टीआरएम लॅब्ज यांसारख्या कंपन्या ब्लॉकचेनवरच्या पत्त्यांना खुणा लावून ठेवतात: हा चोरीचा पैसा, हा खंडणीचा, हा निर्बंध घातलेल्या संस्थेचा. नाणं आलं की सॉफ्टवेअर त्याचा मागचा प्रवास बघतं आणि जोखमीचा गुणांक देतं. तो ठरावीक रेषेच्या वर गेला की व्यवहार थांबतो.

इथे एक कठीण प्रश्न आहे. एका वॉलेटमध्ये दहा नाणी आहेत, त्यांतलं एक चोरीचं. त्या वॉलेटमधून दोन नाणी मला आली. माझी नाणी किती डागाळलेली? एका पद्धतीनुसार एकाचा स्पर्श झाला की सगळी दूषित, म्हणजे माझी दोन्ही. दुसऱ्या पद्धतीत डाग समान वाटला जातो, म्हणजे माझ्या प्रत्येक नाण्यात दहा टक्के. तिसरी पद्धत रांग पाहते: जे आधी आत आलं ते आधी बाहेर गेलं असं धरायचं, म्हणजे चोरीचं नाणं वॉलेटमध्ये कितवं आलं होतं त्यावर माझी नाणी दूषित की स्वच्छ हे ठरणार. नाणी तीच, व्यवहार तोच, उत्तरं तीन. त्यात कोणत्या पत्त्याला कोणती खूण लावायची यावरही वेगवेगळ्या कंपन्यांचं एकमत असेलच असं नाही. एका सेवेत सहज पार झालेली नाणी दुसरीकडे अडकतात ती यामुळे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि किती ओलं जळेल याचं एकच एक माप सगळ्यांनी मान्य केलेलं नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑगस्ट २०२२ मधलं आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याने टोर्नेडो कॅश या नाण्यांचा माग पुसणाऱ्या प्रणालीवर निर्बंध घातले (ते मार्च २०२५ मध्ये उठले). लगेच कुणीतरी त्याच प्रणालीतून जिमी फॅलन, शकील ओनील यांच्यासारख्या नामवंतांच्या जाहीर पत्त्यांवर ०.१ इथर पाठवून दिलं. क्रिप्टोत येणारं नाणं नाकारता येत नाही. म्हणजे काहीही न करता या मंडळींच्या पत्त्यांवर डाग पडला. उद्योजक जस्टिन सन यांचा पत्ता आवे या कर्जसेवेच्या संकेतस्थळाने काही काळ अडवलाही होता.

## जाहिरात खोटी नसेल, तर चुकतं कुठे

मला विचाराल तर ओळख विचारणं हा इथला दोष नाहीच. दोष विचारण्याच्या वेळेत आहे.

एखाद्या क्लोकरूमच्या दारावर पाटी आहे, ‘नाव सांगायची गरज नाही.’ तुम्ही बॅग ठेवता. परत घ्यायला गेल्यावर खिडकीतला माणूस म्हणतो, आमच्या यंत्राला तुमच्या बॅगेचा संशय आला आहे. ओळखपत्र द्या आणि आतल्या प्रत्येक वस्तूची पावती दाखवा, तोवर बॅग इथेच राहील. बॅग आत घेताना नाव विचारलं नाही, म्हणून पाटी अक्षरशः खरीच. पण हे सगळं पाटीवर असतं तर बॅग ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवलं असतं. आता ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

जाहिरातींतली भाषा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ‘नोंदणी नाही’ हे खरं, पण नोंदणी आणि ओळख पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सहसा केवायसी लागत नाही’ यातला ‘सहसा’ बारीक टाइपात. ‘रकमेला वरची मर्यादा नाही’ असं म्हणायचं, आणि रक्कम मोठी असली की तपासणीची शक्यता वाढते हे सांगायचं नाही. अटींमध्ये मात्र भाषा एकदम बदलते: आमच्या एकट्याच्या निर्णयानुसार, कोणत्याही वेळी, कारण न देता. दाखवायचे दात आणि खायचे दात इतके वेगळे फार थोड्या धंद्यांत दिसतात.

यात शिफारस करणाऱ्या साइट आणि व्हिडिओही आहेत. ‘केवायसी नसलेल्या सर्वोत्तम दहा सेवा’ अशा याद्यांमधल्या दुव्यावरून कुणी अदलाबदल केली की यादी करणाऱ्याला वाटा मिळू शकतो. त्याने अटी वाचल्या असतील असं समजू नये.

ही ओढाताण जुनीच आहे. शेपशिफ्ट ही या प्रकारातली सुरुवातीची गाजलेली सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती मुळी ‘खातं नको’ या तत्त्वावर. २०१७ च्या वॉनाक्राय खंडणी हल्ल्यातले काही बिटकॉइन तिच्यामार्फत मोनेरो या माग काढायला अवघड नाण्यात बदलले गेले, तेव्हा तिने ते पत्ते अडवले. म्हणजे खातं नसलं तरी नजर होतीच. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने सदस्यत्व सक्तीचं करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याबरोबर ओळख देणंही आलं. जुने वापरकर्ते चिडले. पण तिने नियम दारावर लिहिला, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. आजच्या अनेक सेवांनी तो दारावर न लिहिता आत लिहून ठेवला आहे.

## ‘ज्याने काही केलं नाही, त्याला कसली भीती?’

हा प्रश्न हमखास येतो. वर पाहिलं तसं, डाग लागायला तुम्ही काही करावं लागत नाही. शिवाय ‘नाणी कुठून आली’ हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. ओळखीच्या माणसाकडून घेतलेली, कामाच्या मोबदल्यात मिळालेली, आता बंद पडलेल्या एक्स्चेंजवरून काढलेली नाणी प्रामाणिक असतात, पण त्यांना पावती नसते. ‘मी हे केलेलं नाही’ याचा पुरावा तर कुणाकडेच नसतो.

कागद देणं हीदेखील जोखीमच. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या मोठ्या एक्स्चेंजने जाहीर केलं की ग्राहकसेवेतल्या काही जणांना लाच देऊन चोरट्यांनी ग्राहकांची माहिती मिळवली होती, तिच्यात सरकारी ओळखपत्रांच्या प्रतिमाही होत्या. शेअर बाजारात नोंदलेल्या, नियामकांच्या नजरेखालच्या कंपनीची ही गत. मग ज्या सेवेचा नोंदणीकृत पत्तासुद्धा शोधावा लागतो तिच्याकडे पासपोर्टचा फोटो पाठवताना काय विचार करायचा? आणि ज्याने कागद द्यायचे नाहीत म्हणूनच ही सेवा निवडली, त्याच्यासमोर तर दोनच वाटा उरतात: नाणी सोडा किंवा ज्यासाठी इथे आलात तेच सोडा.

## ‘पण कंपनीने कायदा पाळू नये का?’

पाळावा. चोरीचा पैसा फिरवून द्यायला नकार देणारी सेवा योग्यच करते. काही वेळा ती गप्प असते त्यालाही कारण असतं. सरकारी यंत्रणेला संशयास्पद व्यवहार कळवला असेल तर तसं ग्राहकाला सांगण्यास एफएटीएफच्या शिफारशींनुसार मनाई असते, नाहीतर खरा गुन्हेगार सावध होईल. ‘अंतर्गत तपासणी चालू आहे’ या एका वाक्यापलीकडे उत्तर मिळत नाही, ते नेहमीच उद्धटपणामुळे असतं असं नाही. परताव्याचंही तसंच. संशयित नाणी आली तिथेच परत पाठवणं म्हणजे चोराला त्याची चोरी परत करणं ठरू शकतं.

पण कायदा पाळण्यासाठी जाहिरातीत अर्धंच सांगावं लागत नाही. उलट युरोपीय संघाच्या मायका नियमावलीत क्रिप्टो सेवांची माहिती, जाहिरातीसह, न्याय्य, स्पष्ट आणि दिशाभूल न करणारी असावी असं बंधन आहे. ब्रिटनमध्येही ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या जाहिरातींना तीच कसोटी लागते. शिवाय नाणी कोणत्या पत्त्यावरून येणार हे आधी विचारून त्याची तपासणी नाणी घेण्यापूर्वी करता येते. सॉफ्टवेअर तेच, वेळ फक्त अलीकडची. गुणांक वाईट आला तर ‘हा व्यवहार आम्ही घेऊ शकत नाही’ एवढं सांगून दार लावता येतं. याने सगळे प्रसंग टळणार नाहीत, कारण माणूस ऐन वेळी दुसऱ्याच पत्त्यावरून पाठवू शकतो. पण प्रामाणिक ग्राहकाची बरीचशी फरफट वाचेल. हे जी सेवा करत नाही तिला ग्राहक बिचकून निघून जाण्याची भीती वाटते, असाच अर्थ मी लावतो.

## ‘मग खरंच काहीही न विचारणारी सेवा का नको?’

तशा सेवा असतात, आणि त्यांचं पुढे काय होतं हे ईएक्सच या सेवेने दाखवलं. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर चोरीला गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं. त्यातला काही पैसा ईएक्सचमधून फिरला, आणि तो अडवण्याची बायबिटची विनंती ईएक्सचने धुडकावली. पुढे तिने १ मेपासून सेवा बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्या तारखेच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांनी तिचे सर्व्हर ताब्यात घेतले. जप्तीत सुमारे ३.४ कोटी युरोची क्रिप्टो होती आणि आठ टेराबाइटहून जास्त माहिती. काहीही न विचारणाऱ्या सेवेकडेही नोंदी असतात, त्या शेवटी कुणाच्या हातात जातील हे मात्र वापरणाऱ्याच्या हाती नसतं.

विकेंद्रित एक्स्चेंज हा वेगळा मार्ग. तिथे मधे कंपनीऐवजी ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम असतो, अदलाबदल एकाच व्यवहारात होते किंवा होतच नाही, त्यामुळे नाणी मधेच अडकवून कागद मागणारं कुणी नसतं. युनिस्वॅप २०१८ पासून असं चालतं. अर्थात त्याच्या संकेतस्थळावर काही पत्ते अडवले जातातच, आणि नकली टोकनच्या सापळ्यांपासून तिथे कोणी वाचवत नाही. इथून मिळालेली नाणी पुढे कधीतरी मोठ्या एक्स्चेंजवर नेलीत तर मागचा प्रवास तिथे तपासला जाणार, तो भाग वेगळाच.

## पाठवण्याआधी आणि अडकल्यावर

अटींचं पान उघडून ‘केवायसी’, ‘एएमएल’ (मनी लाँडरिंगविरोधी तपासणीचं लघुरूप) आणि ‘रिफंड’ हे शब्द शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. कागद न दिल्यास नाणी परत मिळतात का, किती शुल्क कापून, किती दिवसांत, हे स्पष्ट लिहिलेलं असेल तर ती सेवा निदान सरळ बोलते आहे. ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ एवढंच असेल तर जाहिरात विसरून जा आणि इथे ओळख मागितली जाऊ शकते असं धरूनच पुढे जा. कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे हे सापडत नसेल तर तक्रार करायला जागाच नाही. मोठी रक्कम एकदम पाठवू नका, पण तिचे मुद्दाम बारीक तुकडेही करू नका. तपासणीच्या सॉफ्टवेअरला तेही संशयास्पद वाटतं. परताव्यासाठी दिलेला पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असू द्या. नाणी कुठून आली याच्या नोंदी ती मिळतात तेव्हाच जपून ठेवा, कारण मागितल्या जातील तेव्हा त्या एक्स्चेंजचं संकेतस्थळही उरलेलं नसेल.

अडकलातच तर व्यवहाराचा क्रमांक, सगळी ईमेल आणि त्या दिवशी जाहिरातीत व अटींत काय लिहिलं होतं त्याचे स्क्रीनशॉट साठवा. अटी नंतर बदलता येतात. सेवेशी बोलताना तिच्या अधिकृत पत्त्यावरच बोला, आणि त्या देशातल्या नियामकाकडे तक्रार करायची असेल तर याच कागदांवर ती उभी राहते.

शेवटचं म्हणजे, समाजमाध्यमांवर आपलं दुखणं मांडलंत की काही मिनिटांत ‘नाणी सोडवून देतो’ म्हणणारे संदेश येऊ लागतात. त्यांना उत्तर देऊ नका. आणि खुद्द सेवेनेच ‘तपासणी पूर्ण करण्यासाठी आणखी तेवढीच नाणी जमा करा’ किंवा ‘वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द कळवा’ असं सांगितलं, तर ती केवायसी नव्हे. ओळख पटवायला ना जास्तीची नाणी लागतात ना ते शब्द. ती उघड चोरी आहे, आणि तिथून पुढे पत्रव्यवहार पोलिसांशी करायचा.